पाकीट

ऑर्कनीतल्या त्या बेटाचं नाव होय.
एवढंच. कुणी काहीही विचारावं
आणि बेटानं मान डोलवावी, असं.
तीन दिवस वारा दारं उपटत होता.
चौथ्या सकाळी थोरा इसबिस्टर
गुडघ्याला फडकं बांधून, बादली घेऊन
रॅकविकच्या गोट्यांवर उतरली.

वादळ ओसरलं की समुद्र खिसे उलटे करतो:
दोरखंड, एक हातमोजा, नेहमी डावाच,
आणि शेवाळाच्या ढिगात काळी, चिवट,
चार कोपऱ्यांना चार शिंगं फुटलेली पाकिटं.
इथली पोरं म्हणतात, जलपरीची.
थोराला जलपऱ्यांचं काही माहीत नाही.
पाकटाची आहेत, ती म्हणते.
वीतभराहून मोठं, तर थोरल्या पाकटाचं.
घरी नेऊन वाटाण्यासारखं रात्रभर भिजत घालायचं,
फुगलं की पट्टी लावायची,
वहीत मांडायचं.

खाली, जिथे हिरवासुद्धा उजेड पोचत नाही,
तिथे ते पडलेलं असतं.
पडलेलं आपण म्हणतो.
त्यानं वाळू अंगावर ओढून घेतलेली असते,
डोळे तेवढे बाहेर,
डोळ्यांमागे श्वासाची दोन भोकं,
आणि तोंड खाली, पोटाकडे.
जे खातं ते त्याला कधी दिसत नाही.
खेकडा येतो, थबकतो;
त्याच्या काळजाची बारीक टिकटिक
नाकाडाच्या कातडीतल्या छिद्रांना कळते,
आणि दोरीवरून गोधडी घसरावी तसं
ते अख्खं त्याच्यावर येतं.

आई थांबत नाही.
दगडांच्या सांदीत, पाणी खेळतं असेल तिथे
पाकीट ठेवते नि जाते, झालं बाळंतपण.
आतलं पिल्लू दीड वर्ष
शेपटीनं पाणी घुसळत राहतं.
वरून कुणी गेलं की थांबतं,
लपाछपीत कपाटामागचं पोर श्वास धरतं तसं.

मॅन्सीनं, तिच्या नवऱ्यानं, लग्नाच्या वर्षी
गळदोरीवर एक आणलं होतं.
स्वयंपाकघराचं दार अरुंद पडलं.
टेबल आत घेतात तसं तिरकं करून घेतलं.
चौकटीवर त्यानं सुरीनं त्याची रुंदी कोरली,
पुढे त्याच चौकटीवर मुलांच्या उंच्या आल्या,
एकही तिथवर पोचली नाही.
तेव्हा पंख कापून घ्यायचे, उरलेलं पाण्यात.
उरलेलं वर बघत बुडायचं.
मग दोऱ्या रिकाम्या यायला लागल्या.
संपली, मॅन्सी म्हणाला,
पीठ संपलं म्हणावं तसं.

आजच्या बादलीत सतरा. एक जड.

कोंबडीची अंडी उजेडाला धरायची तिची सवय,
तसंच टॉर्चवर धरलं.
आत काहीतरी हललं.
आणि थांबलं.
तीही थांबली.
किती वेळ, कोण जाणे,
दोघांनी एकमेकांपासून श्वास लपवला.

माळ्यावर मॅन्सीचा शेवंडांचा पिंजरा होता.
तिनं त्याची एक बाजू कात्रीनं कापली,
पाकीट आत बांधलं, दोन दगड घातले,
आणि धक्क्याच्या टोकाला, खोल बाजूला, सोडला.
फेरीवरच्या ऑली फ्लेटनं विचारलं,
या वयात शेवंडं धरतेस?
होय, ती म्हणाली.

पुढच्या हिवाळ्यात ओढून काढला.
दोरीला इतकं शेवाळ की हात दिसेना.
पाकिटाची एक कड उघडी, उसवलेल्या शिवणीसारखी.
गोल भोक नव्हतं;
गोगलगाय पोखरते तेव्हा गोल भोक असतं.
तिनं दोनदा फिरवून पाहिलं. तिसऱ्यांदाही.
आत चमचाभर पाणी होतं, ते धक्क्यावर सांडलं.

वहीत तीन रकाने: तारीख, लांबी, अवस्था.
बाकी सगळ्यांपुढे जे लिहिते तेच लिहिलं,
रिकामं,
जरा मोठ्या अक्षरात,
आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.