पाणाड्याची पुतणी

सूरच्या इस्पितळात, तळघरात, रात्रपाळी.
नाखुदा सुवैलिम, वय एक्क्याऐंशी,
चाकाच्या खुर्चीतून उभा राहतो
तर पाय फरशीला चिकटलेले,
कुणी डांबर ओतलंय जणू तळव्यांखाली.
वर्षभर सगळे म्हणाले, वय झालं.
नावं विसरतो, वय झालं.
लुंगी ओली होते, वय झालं.

शम्सानं त्याची अंगठी साबण लावून काढली.
किल्ल्या काढल्या, टोपी काढली,
आणि खिशात एक खिळा निघाला, गलबताचा, बोटभर, गंजका.
तो मी दाराबाहेर ताटलीत ठेवला.

हलू नका, मी त्याच्या भाषेत सांगते.
यंत्र ठोकायला लागतं.

आटपाडीला माझा काका पाणी बघायचा.
तळहातावर नारळ आडवा, पाय अनवाणी,
कुसळांतून चालत.
नारळ उभा राहिला की म्हणायचा, इथं.
दहांत सात वेळा खडक लागायचा,
तरी पुढच्या उन्हाळ्यात माणसं त्यालाच बोलवायची.

मी नारळाशिवाय बघते.
काचेअलीकडे, पडद्यावर, काप-काप करून.
या चित्रात पाणी पांढरं असतं.
मधल्या दोन पोकळ्या, ज्या फटीएवढ्या असाव्यात,
फुगून पंख झाल्यात;
आणि वर, टाळूखाली, मेंदूच्या घड्या
एकमेकींना रेटून उभ्या,
सरक म्हणायलाही जागा नाही.
मी माप टाकते.
पॉइंट तीसपर्यंत चालतं.
पॉइंट एक्केचाळीस.
पुन्हा टाकते. तेच.

आमच्याकडे म्हणतात, कुठंतरी पाणी मुरतंय.
इथं दुखणं उलटं आहे:
रोज झरतं, दोन-अडीच पेले,
आणि मुरत नाही.

शम्सा दारात. विचारत नाही, नुसती बघते.
मला सांगायची मुभा नाही, रिपोर्ट डॉक्टर देतील.
मी अंगठी तिच्या हातात ठेवते
आणि माझा हात तिथंच राहतो जरा.

सुवैलिम उठून बसतो. टोपी नाही, खिळा मागतो.
म्हणतो, आत चौघं जण फळ्यांच्या फटींत कापूस ठोकत होते,
तिसऱ्याचा हातोडा चुकतो.
मालकाला सांग.
मग हळूच: पाणी शिरलंय?

मी विचारते, शिरलं तर काय करायचात तुम्ही?

तो बघतो माझ्याकडं,
पहिल्याच सफरीला आलेल्या पोराकडं बघावं तसा.
उपसायचं, म्हणतो. दुसरं काय.

खिळा मुठीत.
पाय अजून फरशीलाच.