इतिवृत्तातून वगळलेलं

वेल्सच्या किनाऱ्यावर आमचं अबरवेनॉल.
परिषदेच्या दालनात हीटर एकच,
तोही अध्यक्षांच्या पायाशी.
मी कारकून. लिहून घेणं माझं काम:
उपस्थित अकरा, रजेवर दोन,
विषय चौथा, हवामान कृती आराखडा, शाळेचा सहभाग.

सहभाग म्हणजे इतकी वर्षं
मुलांनी रंगवलेली पृथ्वी, तोंडात थर्मामीटर.
आम्ही ती जिन्यात टांगायचो,
आणि भिंतींना रंग द्यायची वेळ आली
की काढून ठेवायचो.

यंदा सहावीच्या प्रॉसर बाई उभ्या राहिल्या.
चित्र नको, म्हणाल्या, नकाशा द्या.
खरा. तुमच्या कपाटातला.

आमच्या सभेत प्रत्येकाला ठाऊक असतं
पाणी कुठं मुरतंय.
पाणी कुठवर येईल
हे मात्र कुणी विचारायचं नसतं.
अभियंत्यानं नकाशा दिला, खालमानेनं.
त्यात एक निळी रेघ होती,
तीन वर्षं आम्ही विचाराधीन ठेवलेली.

मुलांनी ती गावात आणली.
बादलीभर निळे खडू,
पातळी जोखायला पाण्यानं भरलेली लांब पारदर्शक नळी,
एका टोकाला एक पोरगं, दुसऱ्याला दुसरं,
"थांब, हलवू नकोस, हां, आता!"
रेघ निघाली चिप्सच्या दुकानाच्या काचेवरून,
चॅपलच्या दारावरून,
टपालपेटीच्या अगदी ओठाखालून,
आणि चढली परिषदेच्या इमारतीवर:
माझ्या टेबलाच्या चार बोटं वर.
त्या दिवसापासून जुनी दप्तरं
मी वरच्या फळीवर ठेवते.
(हेही इतिवृत्तात नाही.)

मग लोक आले.
घरांचे भाव पडतील. विमेवाले बघतील.
पोरांना अभ्यास नाही का?
टेगिड बेव्हन बोलले नाहीत.
घरी गेले, ब्रश घेतला.
आमच्या भिंती स्लेटच्या. काळ्या दगडावरची रेघ खरी,
पण खडूची;
ब्रशचे चार हात, भिंत कोरी.

सोमवारी हेलेद त्यांच्या दाराशी. वय अकरा,
नाकाला खडू.
भांडेल असं वाटलं होतं मला.
तिनं वही उघडली, विचारलं,
"आमची रेघ चुकली का?"

बेव्हन बराच वेळ ब्रशकडे बघत राहिले.
"चुकली," म्हणाले. "खाली काढलीत."

आत कोठीघर. मुरांब्याच्या बरण्या
एकेक करून त्यांनी बाजूला केल्या,
आणि मागच्या चुन्यावर
त्यांच्या आईच्या हातची पेन्सिलीची रेघ,
मुलांच्या रेघेहून वीतभर उंच.
शेजारी बारीक अक्षरात:
कोंबड्या सात. पिठाचा डबा. पियानो.
टेगिड तेव्हा सहा वर्षांचे.
माडीच्या कठड्यातून त्यांनी ऐकला
अंधारात पाण्याखाली जाता जाता
पियानो दोनदा आपसूक वाजलेला.
घर विकायचं होतं, म्हणाले,
म्हणून बरण्या.
मग विकलंच नाही.

हेलेदनं नळी धरली, त्यांनी दुसरं टोक.

पुढच्या सभेत ठराव आला:
निळी रेघ एक वीत वर घ्यावी.
अनुमोदक टी. बेव्हन.
सूचक, कुमारी हेलेद, मताधिकार नाही.
अशा सूचकाचं नाव कुठल्या रकान्यात लिहावं
हे नियमावलीत सापडलं नाही.
मी लिहिलं. शाईनं.
अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, सही केली.

बांधाचे पैसे अजून आलेले नाहीत.
राजधानीकडून पत्र येतं, पत्राला पोच जाते.
आणि इथं पाऊस आठवड्यातून पाच दिवस,
रेघ धुऊन जाते;
शनिवारी मुलं येतात, पुन्हा ओढतात,
आता त्यांच्यामागून दोन-तीन मोठी माणसंही,
उगाच फिरायला निघाल्यासारखी.

काल बेव्हनांच्या खिडकीत
मुरांब्याची एक बरणी दिसली,
निळ्या खडूंनी भरलेली,
दमट हवा लागू नये म्हणून
झाकण घट्ट लावलेली.