चार नंबरचा बोर

रात्रपाळीत माझं काम एवढंच:
दर तासाला बॅटरी घेऊन चारही बोरांपाशी जायचं,
काचेमागचा आकडा वाचायचा,
निळ्या पेनानं रजिस्टरात उतरवायचा.
खाडाखोड चालत नाही.
आकडा कधी मागे जात नाही.

गेटबाहेर मक्याच्या ट्रकांची रांग
पार पारोळा रस्त्यावरच्या फरशीपर्यंत.
फळ्यांच्या फटीतून सांडलेले दाणे
उंदीर वेचतात, आणि पहाटे उखाबाई.
"मन्ही कोंबडी आते काय खाई, भो?"
मी तिच्या ओटीत बघत नाही.
वॉचमनही बघत नाही.

आत टाक्यांना फेस येतो.
उतू गेलेल्या पिठाचा वास,
पहिला आठवडा बरा वाटतो.
बॉयलरात पऱ्हाट्या जळतात,
गावातल्या चुलींच्या वाट्याच्या;
पऱ्हाट्या संपल्या की कोळसा.
वर भिंतीवर रंगवलेलं हिरवं पान,
दर दिवाळीला त्याला नवा हात.

इथे धुडकू आप्पांची दादर होती.
काळीतली ओल आणि थंडीचं दव,
तेवढ्यावर यायची.
भाकर माणसाला, कडबा बैलाला,
धसकटं पुन्हा मातीला.
आता आजूबाजूला मकाच मका.
"हाऊ पाहुणा से," आप्पा म्हणतात,
"येताच पाणी मागतो, मग युरिया, मग परत पाणी,
आणि जाताना जमिनीचा हात धरून नेतो."

काल पावणेतीनला
चार नंबरनं हवा ओढली.
पाइपातून खोकल्यासारखा आवाज,
आणि मीटर फिरतच होता,
नेहमीपेक्षा जोरात.
शिफ्ट इनचार्जला फोन केला.
तो झोपेतच म्हणाला,
आकडा दिसतोय ना? मग लिही.

लिहिला.
शेजारी 'शेरा' नावाचा रकाना आहे,
तीन वर्षांत कधी लागला नव्हता.
त्यात लिहिलं: हवा.
अक्षर जरा मोठंच आलं.

सातला सुटलो. गाडी रिझर्व्हला लागलेली.
पंपावर शंभरचं टाकलं.
पोरगा नळी झटकत होता,
शेवटचा थेंब वाया जाऊ नये म्हणून.

वळणावर उखाबाई, डोक्यावर रिकामा हंडा.
"रातले कितलं पाणी उनं रे?"
मी आकडा सांगितला.
ती थांबली.
"त्याना हंडा कितला व्हतीन?"

गाडी चालूच होती.
मी भागाकार करत उभा,
आणि त्यातली हवा किती
ती वजा कशी करायची, कळेना.