तीन टिटव्या

नॉरफकमधली खानावळ. दारावर पितळी पाटी:
थर्केटल, मॉब्ज, लार्टर, पुन्हा मॉब्ज.
माझंही आडनाव मॉब्ज, म्हणून आलो.
तीन घराणी, असं वहीत लिहून घेतलं.

दप्तरखान्यात उधारीचं बाड निघालं,
बिअरच्या डागांसकट.
१८४१ पासून एकच अक्षर,
चारचा आकडा उघड्या तोंडाचा:
“पाद्रीबुवा, दोन पिंट. देतो म्हणाले.”

थर्केटल तळघराच्या पायरीवरून पडून गेला.
मॉब्ज कफानं.
लार्टर पळाला, घोडीसकट.
अक्षर ढळलं नाही.
परवान्यावर दर वेळी नवा नवरा,
आणि जनगणनेत
केझाया, पत्नी. धंदा: काही नाही.

शेवटचा मॉब्ज तिचा धाकटा.
त्याच्या पहिल्याच पानावर बेरीज चुकली आहे
आणि समासात, त्याच उघड्या चारनं,
दुरुस्त.

कबर सापडली नाही. खाजकुयलीसारखं काहीतरी
पोटऱ्यांना झोंबत राहिलं रात्रभर.
माहेरचं नावही नाही, तिथं कागद भिजलाय.

आताच्या मालकिणीला विचारलं,
पाटीवर एका नावाला जागा होईल?
ग्लास पुसत म्हणाली,
जागा आहे.
स्क्रू तुम्ही आणा.