फेस

पत्र आलं तेव्हा मी ब्लूबेरीचा जाम आटवत होते,
नळ चालू होता.
लिफाफ्यात एक आकडा : चारशे बारा.
खाली बारीक अक्षरांत,
की लाख कोटी थेंबांमागे वीस चालतात.
लाख कोटी म्हणजे किती, ते मला आजही कळत नाही.
नळ बंद केला. मग
जामकडे बघत बसले. बारा बरण्या.

ईस्ट कॅन्फील्डला नळयोजना नाही.
ज्याचं घर, त्याची विहीर,
खडकात तीनशे फूट,
आणि ज्याचा त्याचा अभिमान.
एल्वुड पेलेटिए पाहुण्याला कॉफीआधी पाणी द्यायचा,
म्हणायचा, आधी हे पी, मग बोल.

ऑक्टोबरपर्यंत आकडे आडनावांसारखे झाले.
पोस्टात, चर्चच्या पायऱ्यांवर :
आम्ही एकशे नव्वद. तुम्ही?
थिबोडोंकडे तीन हजार.
डॉर्कस व्हिटकॉम्बचा शून्य आला. रस्त्याच्या पलीकडे,
तेवढ्यानंच शून्य.
तिला ते चोरल्यासारखं वाटत राहिलं.
तिनं बागेचा पाइप फाटकाबाहेर टाकला,
पुठ्ठ्यावर लिहिलं : घेऊन जा. विचारू नका.

कुठंतरी पाणी मुरत होतं.
आधी आम्ही कागदाच्या गिरणीकडे बोट दाखवलं.
ती बंद पडून अठरा वर्षं झाली,
तिला काय, ती ऐकून घेते.
मग राज्याचा एक पोरगा आला, बुटांना प्लास्टिक गुंडाळून,
नकाशावर ठिपके लावत गेला,
आणि ठिपके चढ चढत चढत
अग्निशमन केंद्रामागच्या कुरणात जाऊन थांबले.

ते कुरण मला माहीत आहे.
दर जुलैत तिथं सराव व्हायचा :
एखादी मोडकी गाडी पेटवायची आणि तिच्यावर फेस,
गुडघाभर, भर उन्हाळ्यात बर्फ पडावा तसा.
आम्ही पोरांना पोहायचे कपडे घालून न्यायचो.
माझा रूबेन त्यात गडप व्हायचा
आणि नाकावर पांढरा गोळा घेऊन उगवायचा.
फोटो आहे. फ्रिजवर होता. आता खणात.

सभा केंद्रातच भरली,
एवढी मोठी दुसरी जागा नाही.
बंब बाहेर काढून खुर्च्या मांडल्या.
भिंतीवर हेल्मेटं, प्रत्येकाखाली नाव.
वकील बोलला. राज्याची बाई बोलली,
फिल्टरचा खर्च, रक्ततपासणीच्या तारखा.
थिबोडोंची सून मागून म्हणाली,
माझं दूध कुठं तपासायचं?
बाईनं ते लिहून घेतलं.

मग लायल स्पूनर उठला.
एकतीस वर्षं प्रमुख, एक डॉलर पगार घेतला नाही.
म्हणाला, डब्यावर लिहिलं होतं, साबणासारखंच आहे.
म्हणाला, आम्ही त्यानंच गाड्या धुवायचो, हातही.
हात पुढे केले, जसं कुणी तपासणारच होतं.
नंतर काही बोलला नाही.
ऑरेल थिबोडोचा गोठा
एका जानेवारीत ह्याच फेसानं वाचला होता,
अठ्ठावीस गाई.
तो उठला. आम्हाला वाटलं, बोलेल.
त्यानं खुर्चीची घडी केली, भिंतीला टेकवली, आणि गेला.

आडात जे होतं ते पोहऱ्यात येणारच होतं.
पण तो आड आमचाच, पोहराही,
आणि दोर ओढणारे हातही ओळखीचे,
ह्याचं काय करायचं ते सभेच्या कागदांत नाही.

आता शनिवारी टँकर येतो, शेजारच्या गावाहून भरून.
लायल चालवतो. काही जण पडदा सरकवून बघतात
आणि तो वळणावरून गेल्यावरच कॅन उचलतात.
माझ्या ओसरीवर तो पाच ठेवतो.
परवा विचारलं त्यानं, रूबेन कसा आहे?
म्हटलं, नऊ तारखेला तपासणी.
तो सहावा कॅन उतरवायला गेला.
मी बरणी आणून द्यावी का, असं क्षणभर मनात आलं,
सवयीनं,
मग आठवलं बरणीत काय आहे ते.

फाटक लागल्याचा आवाज आला.
आत नळ ठिबकत होता.
वॉशर बदलायचा राहिलाय.