पदरचा हिवाळा

माणसाचा हात मोजतो तेव्हा
पाचावर आणि शून्यावर रेंगाळतो.
पंचेचाळीस. चाळीस. पन्नास. पुन्हा पंचेचाळीस.
बोटं बधिर, पट्टी ओली, वारा रशियाकडचा;
त्रेचाळीस की चव्वेचाळीस
यावर बर्फात कुणी हुज्जत घालत नाही.

तीस हिवाळे असेच, आळशी आणि खरे.
एकोणीसशे सत्त्याऐंशीचा तेवढा वेगळा:
एकेचाळीस, अडतीस, सत्तेचाळीस, बावन्न, छत्तीस,
सगळे अंक सारखे वाटलेले,
पंगतीत एकाही पानावर कमीजास्त होऊ नये तसे.

तार्तूत, नदीकाठच्या तिसऱ्या मजल्यावर,
रात्री अकराला मी हे पाहिलं.
पीएचडी करणाऱ्या एका मुलीचं पत्र आलं होतं,
तीन ओळींचं, माफी मागत मागत:
चूक माझीच असेल, पण.
बावीस वर्षं संपादक आहे मी.
या "पण"हून जड शब्द माझ्या टेबलावर आलेला नाही.

ऊर्मोला फोन केला.
तो चिडला असता तर सोपं गेलं असतं.
म्हणाला, आलेख बघ. तो हिवाळा ठेव नाहीतर काढ,
रेषा केसभर हलत नाही.
बर्फ पातळ होतोय, हे खरं ना?
खरं.
मग?
मला पटकन काही सुचलं नाही.
प्रकाशकाच्या वकिलाला मात्र लगेच सुचलं:
शुद्धिपत्र म्हणा, बारीक टायपात.
नऊशे जणांनी संदर्भ दिलाय या लेखाचा, जरा जपून.

शनिवारी बसनं कोल्क्याला गेले.
पेइप्सी सरोवराच्या काठाला कांद्याच्या वेण्या टांगलेलं गाव,
जुन्या पंथाची माणसं, पाहुण्याचा कप वेगळा ठेवणारी.
सावेली गुसारोव.
लेखात हे नाव तळाला, आभारांत,
त्यातही एक अक्षर चुकलेलं.
बर्फात भोकं पाडली ती मात्र यानं, प्रत्येक हिवाळ्यात.

त्यानं वह्या काढल्या. माशांचा वास.
सत्त्याऐंशीच्या वहीत एकच ओळ:
"अगाफ्या आजारी. बर्फावर गेलो नाही."
खाली तारखा घातलेल्या, रकाने आखलेले,
मार्चअखेरपर्यंत रिकामे.

साहेबांना सांगितलं होतं मी, तो म्हणाला.
ते म्हणाले, रिकामं बरं दिसत नाही.
मग त्या वेगळ्या कपात चहा ओतत:
कसा होता म्हणे तो हिवाळा?
सरासरी त्रेचाळीस सेंटीमीटर, मी म्हणाले.
तो खिडकीकडे बघत राहिला.
"जाड होता. तिचं माहेर समोरच्या बेटावर.
लाकडांच्या ट्रकनं नेली तिला, बर्फावरून,
पेटी आणि आम्ही आठ जण.
चाकाखाली साधा आवाजसुद्धा आला नाही.
त्या एका दिवशी गेलो होतो.
मोजलं नाही."

परतीच्या बसमध्ये मला पाठ असलेलं पान आठवलं.
सतरा वर्षांपूर्वी हा लेख दोन समीक्षकांनी वाचला होता.
दुसऱ्यानं लिहिलं होतं:
"आकडे अत्यंत सुबक. प्रकाशनास योग्य."
दुसऱ्याचं नाव गोपनीय असतं.
दुसरी मी होते.

पाटीवर हातचा एक धरतात, तो निदान
पुढच्या घरात मिळवावा लागतो.
पदरचा हिवाळा कुठेच मिळवावा लागला नाही,
नऊशे जणांच्या खात्यात तो व्याजासकट फिरला,
आणि मी त्याला सुबक म्हणाले.

सोमवारी लिहिलं: लेख मागे घेत आहोत.
कारण लिहिलं. माझं नाव लिहिलं.
वकिलानं ते खोडलं, मी पुन्हा लिहिलं,
अजून चाललंय.
ऊर्मो आता फोन उचलत नाही.

तक्ता मात्र नव्यानं छापायला गेलाय,
सावेलीचं नाव वर, सगळी अक्षरं नीट,
सत्त्याऐंशीच्या पुढे कोरी जागा.
छापखान्यातून दोनदा विचारणा झाली:
बाई, इथे काही राहिलंय का?
राहिलंय, मी म्हणाले.
राहू दे.