बळी

पहिल्यांदा इनासने सांगितलं, बॅट टाकून पळायचं.
आम्हांला हसू आवरेना.
बॅट काय टाकायची असते, चिखलात?
चोडणची पोरं ती हातात धरूनच धावायची,
धापा टाकत क्रीजमध्ये टेकवायची.
"टाक, पळ, फिरून घरी ये," तो म्हणाला.
"बास. एवढाच खेळ."

बोटीवरून सुट्टीवर आला होता, चार महिने.
परदेशी बंदरात कुणी दिलेलं एका हाताचं चामडी मोजं,
लाल टाक्यांचा चेंडू, अंगठ्यावर बसला तर नख काळं करणारा,
आणि दांडा, मुसळासारखा गोल.
चेंडू एकच.

भात कापून झालेल्या खाजनात
त्याने राखेने शंकरपाळी आखली.
पहिला बेस नारळाचं सोडण,
दुसरा खताचं रिकामं पोतं,
तिसरा मानशीजवळचा बांधातून निखळलेला दगड,
आणि घर म्हणजे जांभ्याचा एक चिरा.
तीनदा हुकलास की बाद.
चार चेंडू वाकडे आले की फुकट चालत जा.
फेकणाऱ्याचं लक्ष नसलं तर पुढचा बेस चोर.
"चोर?" खुशालीने दोनदा विचारलं,
खोडरबरासाठी मास्तरांचा मार खाल्लेला माझा भाऊ.
"चोर. वहीत मांडतातसुद्धा, कुणी किती चोऱ्या केल्या."

घड्याळ नाही, बरोबरी नाही.
संपेल तेव्हा संपतो.
माझं घड्याळ होतं: सहाची फेरीबोट,
तिच्यातून रिकामी पाटी घेऊन उतरणारी आई.
मला घेतलं ते एका बाजूला आठच भरले म्हणून.

खुशाली तिसऱ्यावर, मी चिऱ्यापाशी.
इनासने नाकाला हात लावला, मग टोपीला, मग कोपराला.
म्हणजे: मारू नकोस.
दांडा आडवा धर, चेंडूला नुसता टेकू दे,
झोपलेल्या पोराच्या गालाला बोट लावावं तसा.
मी तसा टेकू दिला.
चेंडू दोन पावलांवर पडून राहिला,
मी सोडणापर्यंत पोचायच्या आत बाद,
आणि खुशाली चिऱ्यावर नाचत होता.
सगळे त्याच्याकडे धावले. त्यांचं बरोबरच होतं.

क्रिकेटमध्ये बळी घेतात.
इथे देतात, हे मला त्या संध्याकाळी कळलं.
इनासने रेशनच्या जुन्या वहीत लिहिलं आणि मला दाखवलं:
"पळय बाये, ही तुझी खेळी धरलेलीच नाही.
म्हणजे तू हुकलीस असं कुणी म्हणू शकत नाही."
"आणि मी मारला असता तर?"
"तर धरली असती."

रात्री आई सुंगटं सोलत होती,
खुशाली तिला आपली धाव सांगत होता,
दगडापासून चिऱ्यापर्यंत, हातवारे करून.
धाव कशी झाली ते त्याने सांगितलं नाही.
विसरला असेल. लहान होता.
मी सालं गोळा करत राहिले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.
तिसऱ्यावर उल्हास, चिऱ्यापाशी मी.
नाक, टोपी, कोपर.
मला दिसलं. नीट दिसलं.

मी दांडा फिरवला.

असा आवाज खाजनात कधी झाला नव्हता.
बगळे उठले.
चेंडू डाव्या रेघेबाहेर, बांधावरून,
कांदळवनाच्या शेंड्यांवरून
थेट मांडवीत.
"फाउल!" उल्हास ओरडला,
आणि मग सगळेच, माझं नाव घेऊन,
कारण चेंडू एकच होता
आणि तो ओहोटीला लागून निघाला होता,
पांढरा, निवांत, वर तरंगत.

इनास काही बोलला नाही.
कपाळावर हात आडवा धरून बराच वेळ बघत राहिला,
मग वहीत एक उभी रेघ ओढली.
फाउल गेला तर हुकल्यात धरतात.
धरतात.

पलीकडून सहाच्या फेरीने भोंगा दिला.
मी तोवर सोडणावर उभी होते.
दांडा मागे कुठेतरी चिखलात पडला होता,
कधी टाकला ते मला अजून आठवत नाही.